सिरपूर तलावाचा काठ दुरुस्त करायला घेतला, तर आमची सकाळी फिरायची वाट कायमची बंद होईल का?

कायमची बंद व्हायचं काहीच कारण नाही. काही महिने कुंपण मात्र सोसावं लागतं. नव्याने लावलेलं गवत, वाळा मूळ धरायच्या आत तुडवला गेला की पावसाळ्यात काठ परत ढासळतो.

इंदूरचं सिरपूर २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, होडीचा धक्का सोडला तर, पक्कं बांधकाम चालत नाही. म्हणून सिमेंटचा ट्रॅक मागूच नका, मातीची पायवाट मागा.

मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे प्रशासन लोकांच्या तक्रारी ऐकतं तिथे, लेखी अर्ज द्या. काम टप्प्याटप्प्याने करा, एक बाजू उघडी ठेवा, कुंपण काढायची तारीख फलकावर लिहा, एवढंच म्हणा. म्हाताऱ्या माणसांना टेकायला तेवढा काठ मिळायलाच हवा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नका.