वाचकांचे प्रश्न : जुन्या 'फिल्मफेअर'ला कात्री लावण्याआधी

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी आजोबांच्या ट्रंकेत 'फिल्मफेअर'चे साठेक अंक निघाले. बऱ्याच अंकांची मुखपृष्ठं गेली आहेत, त्यामुळे साल कळत नाही. नटनट्यांचे फोटो कापून अल्बम करावा आणि बाकीचं रद्दीत द्यावं, असं घरात चाललं आहे. साल कसं ओळखायचं?

कात्री लावू नका. मधुबालाचा फोटो आणखी दहा ठिकाणी मिळेल. पण त्या पंधरवड्यातली वाचकांची पत्रं, साबणाची जाहिरात आणि येऊ घातलेल्या चित्रपटांची पानं एकत्र फक्त अख्ख्या अंकातच मिळतात. फोटो हवेच असतील तर स्कॅन करून घ्या.

आधी शेवटच्या पानाचा तळ बघा. मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं तेव्हा १८६७ च्या कायद्याने सक्तीचं होतं, आणि त्या ओळीच्या आसपास तारीख सापडू शकते. ते पानही नसेल तर जाहिराती वाचा. किंमत आण्यांत असेल तर अंक बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचा. 'नये पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधला, कारण १ जून १९६४ पासून 'नये' हा शब्द गळला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

एक खूण खास आपल्या गावची. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. अंकावर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी असेल आणि तिच्यावर 'नागपूर, एम. पी.' असेल, तर अंक बहुधा त्याआधीचा. मात्र विक्रेत्याच्या रबरी शिक्क्यावर फार विसंबू नका. राज्य बदललं तरी शिक्का वर्षानुवर्षं तोच चालायचा. दोन खुणा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर उशिराची खूण खरी धरा.

प्रश्न : हे मासिक म्हणजे नटनट्यांच्या गप्पाच ना? त्याचं एवढं महत्त्व काय?

चित्रपटांविषयी तिखट लिहिणारी मासिकं आधीही होती. बाबूराव पटेलांचं 'फिल्मइंडिया' १९३५ पासून निघत होतं. टाइम्स समूहाने ७ मार्च १९५२ ला 'फिल्मफेअर' सुरू केलं, पहिल्या मुखपृष्ठावर कामिनी कौशल होत्या. घरातल्या सगळ्यांसमोर उघडता येईल असं, नीटस छपाईचं सिनेमाचं पाक्षिक ही त्याची खरी कमाई. १९५४ मध्ये त्याने पुरस्कार सुरू केले, तेही वाचकांचा कौल घेऊन. पहिल्या वर्षी विभाग पाचच होते आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'दो बिघा जमीन'. पुरस्काराची ती काळी बाहुली घडवली ना. ग. पानसरे यांनी, हे मराठी नाव आपण विसरतो याचं वाईट वाटतं. १९६५ मध्ये निर्मात्यांच्या संघटनेबरोबर घेतलेल्या स्पर्धेतून राजेश खन्ना पुढे आले.

ऑक्टोबर १९७१ मध्ये नारी हिरा यांचं 'स्टारडस्ट' आलं. शोभा राजाध्यक्ष, म्हणजे नंतरच्या शोभा डे, त्याच्या संपादक. ताऱ्यांचं खासगी आयुष्य हाच तिथे मुख्य विषय झाला. आजच्या फिल्मी बातम्यांची भाषा 'फिल्मफेअर'पेक्षा 'स्टारडस्ट'कडून जास्त आली आहे. तुमच्या ट्रंकेत दोन्ही असतील तर एकाच वर्षाचे अंक शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : कूलरचं पाणी उडून गुळगुळीत कागदाचे काही अंक भिजले. पानं विटेसारखी चिकटली आहेत. कशी सोडवू? – धरमपेठ

अशा गुळगुळीत कागदावर, म्हणजे आर्ट पेपरवर, पांढऱ्या मातीचा लेप असतो आणि तो चिकट पदार्थाने कागदाला बांधलेला असतो. पाणी लागलं की हा पदार्थ फुगतो आणि वाळताना समोरच्या पानाला धरतो. पूर्ण वाळून चिकटलेली पानं ओढलीत तर अक्षरांसकट लेप निघेल. वाफ आणि इस्त्री तर नकोच. असे अंक तसेच ठेवा, कागद-संवर्धन जाणणाऱ्याला दाखवा.

अजून ओले असलेले अंक मात्र वाचतात. वाळू न देता एकेक पान हलक्या हाताने सोडवा, मध्ये बटर पेपर घाला आणि सावलीत पंख्याच्या वाऱ्यात सुकवा. उन्हात नको, मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तर मुळीच नको. अंक जास्त असतील तर बटर पेपरमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि रोज एकदोन काढून सोडवा. ४८ तासांच्या आत अंक सुकवले किंवा फ्रीझरमध्ये ठेवले नाहीत तर बुरशी धरते.

पुढच्या उन्हाळ्यात आलमारी कूलरच्या झोताबाहेर आणि बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. खोलीतली आर्द्रता ५५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. अंक आडवे ठेवा, थर वीतभर उंचीपेक्षा जास्त नको, नाहीतर खालचे दबून चिकटतात. गंजलेल्या पिना मधल्या पानावरून बोथट सुरीने उघडून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याने शिवा. चिकटपट्टी कुठेच लावू नका, तिचा डाग जात नाही. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवायच्या तर कापडी पुरचुंडीत, कागदाला टेकणार नाहीत अशा.