अकॅडमी नको, हजेरी दे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा ऐकला. गावाने अकॅडमी काढ म्हणून गळ घातली आहे, कुणी रस्त्याकडेची जागा द्यायला निघालंय, कमानीवर तुझं नाव घालायचं ठरतंय आणि तू विचारतेस, हा हंगाम सोडून वर्षभर गावी येऊन राहू का? ज्यांनी वर्गणी काढून तुला पहिले स्पाइक्स घेऊन दिले त्यांना नाही म्हणायला तुझी जीभ रेटत नाही, हे मला कळतं. तरी माझं उत्तर ठाम आहे. अकॅडमी नको. धावणं सोडायचं तर नावच काढू नकोस. गावाला तुझी हजेरी हवी आहे, तेवढी दे.

कुलूप लागलेल्या व्यायामशाळा आपल्या भागात तू पाहिल्या आहेस. उद्घाटनाचा दगड शाबूत असतो आणि आत कडबा रचलेला. इमारत बांधणारे पुष्कळ मिळतात. पहाटे साडेपाचला मैदानावर उभं राहणारं माणूस मिळत नाही.

खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळेच सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. त्यांना पाठवता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर ७००० रुपयांना गहाण टाकलं होतं. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्या लावल्या, स्वतः लढले, जिंकले आणि त्या पैशातून ते घर सोडवून दिलं. देणं फेडायला ते मातीतच उतरले. तुझं अंग धावण्यात मुरलंय, तू धावूनच फेड.

आणि हंगाम सोडण्याचं बोलतेस ते कुणाच्या भल्यासाठी? बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, तीन हजार मीटर स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची शर्यत धावणारा. सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जाणारं शेतकऱ्याचं पोर, पुढे फौजेत गेला. २०२२ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं, सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकलं. पुढच्या वर्षी हांगझोला आशियाई सुवर्ण घेतलं आणि २०२४ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. आपल्याकडची बारकी पोरं पाण्याच्या टाकीशेजारी बाकडं टाकून त्यावरून उड्या मारायला शिकली, ती तो धावत राहिला म्हणून. तू थांबलीस तर त्यांना काय दाखवू? कमान?

आता नीट ऐक. दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीचा मुकादम दारात येतो. उचल, म्हणजे तोडणीची आगाऊ मजुरी, बहुतेकांनी आधीच घेऊन खर्चून टाकलेली असते. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात. नेमक्या याच दिवसांत शालेय स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्याला आणि जिल्ह्यावरून विभागाला सरकत असतात. तालुक्याला पहिली आलेली पोरगी विभागाच्या दिवशी कुठल्या तरी फडात वाढं गोळा करत असते.

तुझ्या आधी एक होती. तुझ्यापेक्षा वेगवान होती, हे तुला मी कधी बोललो नाही. आठवीत टोळीबरोबर गेली आणि परत आली ती लग्न ठरूनच. मी तिच्या ओसरीवर जाऊन बसलो होतो. तिच्या वडिलांनी मला चहा दिला आणि विचारलं, ‘सर, धावून पोट भरतं का?’ वाईट माणूस नव्हता तो. डोक्यावर उचल होती, आणि उदाहरण म्हणून बोट दाखवायला माझ्यापाशी कुणीही नव्हतं. त्या दिवसाची सल गेलेली नाही. आता बोट दाखवायला तू आहेस. क्रीडा आरक्षणाच्या पाच टक्क्यांतून नोकरी लागलेली, घराला पत्रे जाऊन स्लॅब घातलेली, कोयत्यावर गेलेल्या आईबापाची लेक. तू त्या ओसरीवर बसलीस की माझं तासाभराचं बोलणं तुझ्या दोन वाक्यांत होईल. म्हणून म्हणतो, हजेरी दे. तुझा धनादेश त्या ओसरीवर बसू शकत नाही.

पोरीला आजीजवळ ठेवा म्हणायचं तर जेवणाचं काय, हा प्रश्न येणारच. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. पण यादी टोळ्या निघायच्या आधी व्हावी लागते.

मुलींशी वेगळं बोल. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते. मळमळतं म्हणून त्या खिडकीतून फेकतात. रक्त कमी असेल तर दुसऱ्या फेरीलाच पाय जड पडणार, मग मी शिट्ट्या मारून काय होणार? मी सांगितलं तर लाजतात. तू सांग की गोळी जेवणानंतर घ्या आणि जेवल्या जेवल्या चहा पिऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला तू त्यांना घेऊन जा. ट्रस्ट, लेटरहेड, खजिनदार यांच्या गोष्टी माझ्यापुढे आता काढू नकोस.

मी हे इतक्या हट्टाने का म्हणतो? मला शहरातून बोलावणं आलं होतं. सिंथेटिक ट्रॅक, वसतिगृह, पगारही बरा. मी गेलो नाही. घरात ते अजून पटलेलं नाही, नातेवाईक लग्नाकार्यात ऐकवतात. मला मात्र पटलेलं आहे. शहरातल्या ट्रॅकवर येणारं पोर कुणी ना कुणी घडवतंच. इथे पावसाळा सरला की कुसळं उपटून, मुरूम दाबून, चुन्याने लेन आखायला मी नसतो तर तू पहिली फेरी कुठे मारली असतीस? मी मोठा प्रशिक्षक झालो नाही असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणावं. मी रोज तिथे होतो, आणि रोज तिथे असण्यावाचून ही पोरं उभी राहत नाहीत.

तुला रोजचं जमणार नाही, जमूही नये. वर्षातून एकदा, पण त्याच दिवसांत, दरवर्षी. दिवाळीच्या सुमारास तुझ्या मोठ्या शर्यती नसतात, लांब पळायचे दिवस असतात. ते तू आपल्या बालाघाट डोंगराच्या चढावर पळ, पोरं मागे पळतील. ती तुझ्यामागे अर्धा किलोमीटर टिकली तरी मला कळेल कोणाला पुढे न्यायचं.

रजेचा अर्ज आजच टाक. दिवाळीच्या आधी आठवडाभर ये, नंतर आलीस तर घरांना कुलपं दिसतील. शाल-नारळाचं निमंत्रण कुणी दिलं तर सांग, सरांनी मैदानावर बोलावलंय, तिथेच या. वसतिगृहाच्या यादीसाठी मी मुख्याध्यापकांना उद्या भेटतोय. तुझ्या चुलत बहिणीचं नाव मी पहिलं लिहिलंय. चुलत्याशी मात्र तूच बोल, आणि फोनवर नको.

तुझे,
सर