वाचकांचे प्रश्न : पदकं कपाटात, पुढे काय?

प्रश्न : यंदा बी.ए. झालो. कॉलेजात कबड्डी, खो-खो आणि ४०० मीटर, तिन्ही खेळलो. वडील यंत्रमागावर आहेत. म्हणतात, 'पदकं काय चाटायचीत?' पोलीस भरती द्यावी का? कबड्डीत गुडघा दुखावलाय.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जरूर द्या. पण मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. ४०० मीटरवाल्यांचा १६०० मीटरला दम तुटतो, आणि गोळा तर तुम्ही हातातही धरला नसेल! पहाटे पार्क मैदान गाठा. खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी आधीच करून घ्या. नुसता सहभागाचा कागद पुरत नाही. शिकवायची आवड असेल तर दोन वर्षांचं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) आहेच. वडिलांशी वाद नको, त्यांची काळजी रास्त आहे. आणि गुडघा? तो या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा.