वाचक विचारतात : बायकोबद्दल लिहायला बसलो अन् पहिल्याच ओळीत अडकलो

प्रश्न : ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार, वय 66. मागच्या मार्गशीर्षात आमची मंडळी गेली. बीपी होता, एका रात्रीत सारं आटोपलं, त्याबद्दल लिहत नाही. आता वर्षश्राद्ध येऊन राहिलं. पोरगा पुण्याले आहे, तो म्हणते पेपरात फोटो देऊ अन् चौकात फ्लेक्स लावू. पोरगी म्हणते बाबा, त्यापेक्षा तुम्ही आईबद्दल लिहा, आपण लहानसं पुस्तक छापू अन् भांडे वाटण्याऐवजी तेच वाटू. मले पोरीचं पटलं. वही घेऊन बसलो तं जन्मतारीखच माहीत नाही. आधारवर 1 जानेवारी आहे, ते काही खरी नाही. माहेरचं नाव वेगळं होतं, ते लग्नात आमच्या घरच्यायनं बदललं. फोटो म्हणाल तं लग्नातला एक, त्यातही मान खाली. चाळीस वर्षं संसार केला ताई, अन् दोन पानं भरत नाहीत. "प्रेमळ होती, कष्टाळू होती" लिहून थांबलो. त्यात येणारा-जाणारा म्हणते अहेव गेली, सोनं झालं बाईचं. मले राग येते. कसं लिहू?

उत्तर : भाऊ, आधी ते "प्रेमळ, कष्टाळू" खोडून टाका. हे शब्द प्रेसवाल्याकडे तयारच असतात, कोणाच्याही फोटोखाली लावतो तो. वहिनी तुम्हाला हाक कशी मारायच्या? "अजी, आइकलं का" असंच ना? मग तिथूनच सुरू करा. कशासाठी हाक मारायच्या, तुम्ही ओ द्यायचे की नाही, नाही दिली तर पुढे काय व्हायचं. भांडणंही लिहा, ती गाळली की माणूस देव्हाऱ्यातला होतो अन् पोरांना त्यात आई सापडत नाही.

तारखेचं मनाला लावून घेऊ नका. आधारला नुसतं साल सांगितलं की 1 जानेवारी पडते, अन् पूर्वी शाळेत मास्तर 1 जून नाहीतर 1 जुलै टाकून मोकळे व्हायचे, म्हणून आपल्याकडे अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं असतं. शोधायचंच असेल तर माहेरच्या गावच्या झेडपी शाळेत दाखल-खारीज रजिस्टर बघा, अन् शाळेत गेल्या नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, त्यात जन्माच्या नोंदी असतात. पण तिथं पोरीचं नाव मिळेलच असं नाही, बापाचं नाव अन् पुढे "मुलगी" एवढंच असू शकतं. काहीच नाही मिळालं अन् एखादी म्हातारी म्हणाली की पोळ्याच्या आगेमागे झाली होती, तर तेच लिहा, पुरे.

माहेरचं नाव मात्र पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. त्या नावानं त्यांना हाक मारणारं अजून कोणी जिवंत आहे का बघा, चुलत बहीण, शेजारची मैत्रीण, कोणीही. जाऊन बसा त्यांच्याकडे. भुलाबाईच्या दिवसांत, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, कोणाच्या आंगणात गाणी म्हणायच्या, खिरापत ओळखायला कोण हुशार होतं, हे विचारा. ही पोरगी तुम्ही पाहिलेलीच नाही भाऊ, तुम्हाला सापडेल कशी?

अन् दुसरं, कापूस वेचणीच्या बाया. हे मी माझ्यावरून सांगते. माझ्या आईच्या तेरवीला एक बाई आली, आम्ही कोणी तिला ओळखत नव्हतो, ती म्हणाली माझ्या सासूला डोळ्यानं कमी दिसायचं, तर तुमची आई तिच्या शेजारची पात धरायची अन् आपला वेचलेला कापूस मधून मधून तिच्या ओटीत टाकायची, कारण मजुरी किलोवर. किती तरी वर्षं चाललं हे, अन् घरी आम्हाला एका शब्दानं माहीत नव्हतं. उलट आम्ही आईला म्हणायचो, तुझा कापूस बाकीच्यांपेक्षा कमी कसा भरते. म्हणून म्हणते, बाया बांधावर भाकर खाताना काय बोलतात ते नवऱ्यांना कळत नाही, त्यांनाच विचारा. बचत गटात होत्या का वहिनी? मग गटाचं रजिस्टर मागा. आधी अंगठा, मग वाकडी सही, मग सरळ सही, असं काही दिसलं तर त्या पानांचा फोटो पुस्तकात घ्या.

एक काम मात्र आजच करा. वहिनींचा फोन पोरांनी फॉरमॅट केला नसेल तर करू देऊ नका, व्हॉट्सअॅपही काढू नका. 120 दिवस वापर नसला की अकाउंट डिलीट होते, पण ॲप काढलं नसेल तर फोनमधलं जुनं राहते. त्यांनी पोरीला पाठवलेले व्हॉइस मेसेज पोरीकडे असतीलच, ते पेनड्राइव्हवर घ्यायला सांगा. "जेवली का वं" एवढं जरी असलं तरी घ्या. तुम्हालाही वहीत जमत नसेल तर बोला अन् पोरीला रेकॉर्ड करू द्या, नंतर उतरवून काढता येते. काडीवर गुंडाळून करतात ते सरगुंडे कसे करायच्या, काडी कशाची घ्यायच्या, हे तर पोरीनंच लिहावं, तुम्ही फक्त आंब्याच्या रसासोबत खाल्ले असतील.

अहेव म्हणणाऱ्यांचं काय सांगू. मलाही राग येते. बाई नवऱ्याआधी गेली हे तिचं भाग्य, हा हिशोब कोणी मांडला देव जाणे. अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात, तुम्ही तुमच्या घरी त्या वेचणीच्या सगळ्या बायांना बोलवा, कुंकू असलेल्या अन् नसलेल्या, वहिनी त्यांच्यात पंगत पाहून बसल्या नसतील.

फोटोसाठी गटातल्या बायांचे मोबाइल चाळायला सांगा, एखाद्या हळदीकुंकवाचा ग्रुप फोटो निघतोच. पुस्तक छापलं की एक प्रत आमच्याकडे पाठवा.