ईएफ ६० टक्के असूनही वडिलांना हार्ट फेल्युअर, आणि ट्रायलमध्ये वजनाचं इंजेक्शन. असं का?

वडिलांचं वजन बरंच आहे, बीपीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत, चार पावलं चाललं की दम लागतो. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ ६० टक्के म्हणजे नॉर्मल आलं, तरी डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात आणि वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या ट्रायलबद्दल, म्हणजे रुग्णांवर औषध तपासून बघणाऱ्या अभ्यासाबद्दल, विचारतात. त्यांच्यावर प्रयोग तर होणार नाही ना, अशी भीती तुम्ही लिहिली आहे.

मी डॉक्टर नाही, हार्ट फेल्युअरच्या ट्रायल्समध्ये कोऑर्डिनेटर आहे. संमतीपत्र समजावताना हीच भीती मला रोज भेटते.

ईएफ एवढंच सांगतं की डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर गेलं. कप्पा नीट भरतोय का, हे त्यातून कळत नाही. बीपीमुळे हृदयाची भिंत जाड आणि ताठ होते, ती सैल पडत नाही, मग मागे दाब साचतो आणि फुप्फुसांपर्यंत पोचतो. पोटातली चरबी यात भर घालते: शरीरात दाह वाढवते, मूत्रपिंडांना मीठ-पाणी धरून ठेवायला लावते. म्हणजे वजन हे या आजाराच्या मुळाशीच असू शकतं. त्यात हार्ट फेल्युअर ओळखायला वापरतात ती बीएनपी ही रक्ततपासणी स्थूल माणसांत कमी येते. त्यामुळे "वजनामुळे दम लागतोय, चालत जा" एवढं सांगून कितीतरी जणांना परत पाठवलं जातं. याचं मला फार वाईट वाटतं.

इंजेक्शनबद्दल हाताशी काय आहे? २०२३ साली स्टेप-एचएफपेफ ही ट्रायल आली. तुमच्या वडिलांसारखेच ५२९ रुग्ण, आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं तसंच दिसणारं इंजेक्शन, असं वर्षभर. वजन सरासरी १३.३ टक्के उतरलं, प्लासिबोवाल्यांचं २.६. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत औषधवाले आधीपेक्षा सुमारे २१ मीटर जास्त चालले, प्लासिबोवाले जवळपास होते तिथेच.

२१ मीटर ऐकायला किरकोळ वाटतं. मी ही चाचणी घेते. ३० मीटरचा मोकळा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना शंकू, हातात स्टॉपवॉच, आणि दर मिनिटाला ठरलेलंच वाक्य. जास्तीचं "शाब्बास" म्हणायची मुभा नाही. एक मावशी चौथ्या मिनिटाला भिंतीला हात टेकून थांबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. घड्याळ चालूच ठेवावं लागतं. त्यांना खुर्चीपासून बाथरूमपर्यंत न थांबता जायचं होतं, आणि ते अंतर २१ मीटरपेक्षा कमीच होतं.

त्याच ट्रायलमध्ये त्रास किती जाणवतो याची १०० गुणांची प्रश्नावली होती, गुण जास्त म्हणजे त्रास कमी. औषधवाल्यांचे १६.६ गुण वाढले आणि प्लासिबोवाल्यांचेही ८.७. नियमित तपासणी, कुणीतरी विचारपूस करणारं, यानेही माणसाला बरं वाटतं. तुलनेला प्लासिबोवाले नसते, तर सगळं श्रेय इंजेक्शनलाच गेलं असतं.

पुढच्या वर्षी समिट ही ट्रायल आली, ७३१ जण, टर्झेपटाइड हे वजन उतरवणारं दुसरं इंजेक्शन. सुमारे दोन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणं हे औषधवाल्यांत ९.९ टक्के, प्लासिबोवाल्यांत १५.३ टक्के जणांत घडलं. फरक आला तो आजार बळावण्याचे प्रसंग कमी झाल्याने. मृत्यू कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं.

आता "प्रयोग" या शब्दाबद्दल. ऑलहॅट नावाच्या मोठ्या अभ्यासात बीपीच्या वेगवेगळ्या गोळ्यांची तुलना चालू होती. डॉक्साझोसिन बीपी उतरवत होती, पण क्लोरथॅलिडोन या बीपीच्या दुसऱ्या गोळीच्या तुलनेत त्या गटात हार्ट फेल्युअर दुप्पट दिसलं आणि २००० साली तो गट बंद केला. मशीनवरचा आकडा छान, हृदय मात्र थकत होतं. ट्रायल झाली नसती, तर ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली असती?

सही करण्याआधी घाई करू नका, संमतीपत्र घरी नेऊन वाचा. वडिलांना एसजीएलटी-२ गटातली गोळी (मूळची मधुमेहाची, आता हार्ट फेल्युअरलाही देतात) चालू आहे का, हे विचारा. त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिनचा अशा रुग्णांतला फायदा २०२१ आणि २०२२ च्या मोठ्या ट्रायल्समध्ये दिसला आहे, आणि ट्रायलमध्ये आले तरी चालू उपचार थांबता कामा नयेत. वजन उतरलं की बीपीही उतरतं, तेव्हा बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांचा डोस कोण बदलणार, उभं राहताना चक्कर आली तर रात्री फोन कुणाला करायचा, हेही विचारा. आणि ट्रायल संपल्यावर औषध मिळणार का, हे नक्की. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचं एका अभ्यासात दिसलंय. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, संमतीपत्रात कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा.