दोन्ही हातांनी घ्यायचं : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअप मेसेज मिळून बरेच आले आणि गंमत म्हणजे चार जणांचा विषय जवळपास एकच निघाला, मिशनच्या कामासाठी परदेशात जाणारी नाहीतर जाऊन आलेली आपली सोलापूरची कुटुंबं. मी स्वतः पास्टरची बायको, नवऱ्याबरोबर आणि दोन पोरांबरोबर आफ्रिकेतल्या मलावीत सहा वर्षं काढून आले, म्हणून हे सगळं माझ्याकडेच ढकललं असणार असा माझा संशय आहे. असो.

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. माझ्या मिस्टरांना मलावीतल्या एका बायबल कॉलेजमध्ये शिकवायला बोलावलंय, तीन वर्षांसाठी. मुलगी 11 वर्षांची, मुलगा 5. देवाचं पाचारण आहे हे मलाही पटतंय, प्रार्थनेत आम्ही दोघं एकमत आहोत, मंडळीत सगळे म्हणतात किती भाग्यवान आहात, आणि मी रात्री स्वयंपाकघरात उभी राहून रडते. आभारी असायला पाहिजे ना मी? मग असं का होतंय? तिकडे जाऊन तरी मन लागेल का? — एक पाळकाची बायको, विजापूर रोड

उत्तर : अगं, रडू येतंय तर रड की. घर सोडताना रडू येणं आणि देवाचे आभार मानणं या दोन गोष्टी एकाच स्वयंपाकघरात होऊ शकतात, मी केल्यात.

तुला एक गोष्ट सांगते जी आपल्याकडे चर्चमध्ये फारशी कोण सांगत नाही. इंग्लंडहून भारतात आलेला मिशनरी विल्यम कॅरी, त्याचं नाव तुला माहीतच असेल, 1805 मध्ये त्यानी मराठीचं व्याकरण छापलं, त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आलं, सगळे कौतुक करतात, करावंच. पण त्याची बायको डोरोथी, तिला यायचंच नव्हतं. पोटुशी होती, आधी नाहीच म्हणाली, मग बहिणीला बरोबर घेऊन 1793 मध्ये आली, पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि त्यानंतर तिचं मन ढासळलं ते परत काही नीट झालंच नाही, 1807 मध्ये ती गेली. म्हणजे एका खोलीत मराठीचे शब्द जुळवणं चाललंय आणि त्याच घरात ही बाई अशी. आपण व्याकरणाचं सांगतो, डोरोथीचं सांगत नाही. तुला घाबरवायला सांगत नाहीये. "मिशनरीच्या बायकोने हसतमुख असावं" हे जे ओझं आहे ना, ते इथे सोलापुरातच ठेवून जा, विमानात तसंही वजनाचं लिमिट असतं. आणि झोप उडाली, खाणं सुटलं, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर डॉक्टर गाठायचा, नुसती प्रार्थना सभा नाही.

आता मन लागण्याचं. आमचं सुरुवातीला कसं बिघडलं ते सांगते म्हणजे तुझं वाचेल. आम्ही गेलो ते द्यायलाच गेलो होतो, डोक्यात तेच. मी शेजारणींना बिस्किटं वाटायची, पोरांचे लहान झालेले कपडे द्यायचे, कोण काय घेऊन आलं की "नको नको, कशाला उगाच" म्हणायचे, आपल्याकडची सवय. दोन महिन्यात शेजारीण यायचीच बंद झाली. मला वाटलं हिला आपण आवडलो नाही.

मग एक दिवस मला भाकरीची आठवण इतकी आली की पांढऱ्या मक्याच्या पिठाची भाकरी थापायला बसले. तिकडे ते पीठ घरोघरी असतं, उफा म्हणतात. तीन मोडल्या. चौथी तव्यावर टाकताना मोडली. आणि दारात हीच शेजारीण उभी, कधीपासून बघत होती कोण जाणे, पोट धरून हसायलीय. आत आली, माझ्या हातातली परात बाजूला सरकवली, पातेल्यात पाणी ठेवलं, त्याच पिठाची आधी पातळ पेज केली आणि मग मूठ मूठ पीठ टाकत लाकडी चाटूने असं घोटलं की बास. चाटूला म्थिको म्हणतात. मग तो माझ्या हातात दिला. मला काय जमतंय, दोन मिनिटात दंड भरून आला, तर ती म्हणते "पांगोनो पांगोनो", म्हणजे हळूहळू. ही न्सिमा, त्यांची रोजची भाकरीच समज, ओल्या पळीने गोळे काढून ताटात ठेवतात आणि हाताने खातात, बरोबर पालेभाजी नाहीतर मासे. मी आपली शेंगाचटणी काढली, तिने चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मोठे केले, कारण शेंगदाण्याचं कूट ते लोक पालेभाजीत घालतातच, फक्त लसूण आणि एवढं तिखट कशाला हा तिचा प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

पण खरं वळण पुढच्या पावसाळ्यात आलं. धाकट्याला मलेरिया झाला, मिस्टर दौऱ्यावर, आणि ही बाई रात्रभर माझ्या घरात बसली. सकाळी झाकून पेज आणली. त्या दिवशी मी "कशाला" म्हणाले नाही, अंगात ताकदच नव्हती म्हणायची. तिकडे कुणी काही दिलं की दोन्ही हात पुढे करून, जरासं गुडघ्यात वाकून घेतात आणि "झिकोमो" म्हणतात, म्हणजे आभारी आहे. तसं घेतलं. त्यानंतर आठ दिवसांनी ती माझ्याकडे मीठ मागायला आली. पहिल्यांदा. आपल्याकडे नाही का, शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, पण त्यासाठी आधी वाटी यायला तर पाहिजे आपल्या घरात.

पौलाचं वाक्य सगळे सांगतात, बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रातलं, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय. पण तो चौथा अध्याय पुढे वाच, तो काय लिहितोय? तुम्ही एपफ्रदीताच्या हाती पाठवलेलं मिळालं, आभारी आहे! म्हणजे समाधानाचा तो सगळा उपदेश एका पार्सलच्या पोचपावतीत लिहिलाय. मला हे मलावीत जाऊन कळलं, इथे इतकी वर्षं चर्चमध्ये ऐकून कळलं नव्हतं.

बाकी कामाचं थोडक्यात. भाषेसाठी पहिले सहा महिने मोकळे मागून घ्या आणि तुला पण, फक्त मिस्टरांना नाही, त्यांना कॉलेज मिळेल, तुला नुसतं घर मिळेल, तो फरक फार बोचतो. तुझ्या व्हिसावर काही काम करता येतं का ते निघायच्या आधी विचारून घे. तिकडची चिचेवा भाषा तुला जड जाणार नाही, सोलापूरच्या माणसाला भाषेचं काय भय, आपण मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू एका रिक्षात ऐकतो. तिकडेही अहो-जाहो आहे, मोठ्यांना "इनू", बरोबरीच्यांना "इवे", आणि बाईला हाक मारताना "आमायी" म्हणतात, ऐकायला अगदी आपल्या मायसारखं. बाजारात तुम्हाला "म्वेन्ये" म्हणतील, म्हणजे इंडियन, आणि तुमचं कुठलं दुकान आहे विचारतील कारण तिकडे गुजराती दुकानदार खूप, रागवायचं नाही. लाईट जाते, पाणी जातं, नळाची वाट बघत बसणाऱ्या गावची तू, तुला काय सांगायचं. पण मलेरियाचं हसण्यावारी नेऊ नको. 1875 मध्ये स्कॉटिश मिशनरी तिथल्या तळ्याकाठी केप मॅक्लिअरला उतरले, तापानी इतकी माणसं गेली की 1881 मध्ये त्यांना ती जागा सोडून बांदावेला जावं लागलं, थडगी अजून आहेत, आम्ही पोरांना घेऊन बघून आलो. मच्छरदाणी रोज, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं.

प्रश्न : ताई, आम्हीपण आफ्रिकेतच चाललोय, मलावीलाच, ब्लँटायरला. सामानात काय काय न्यावं? तूरडाळ किती किलो? — एक वाचक, रेल्वे लाईन्स

उत्तर : दादा, तूरडाळ शून्य किलो! मलावीत तूर भरपूर पिकते, नांदोलो म्हणतात तिला, आणि भारतच त्यांच्याकडून विकत घेतो, 2021 मध्ये आपल्या सरकारनी वर्षाला 50 हजार टनांचा करारच केला होता. तुम्ही इथून डाळ नेणार म्हणजे बार्शीला ज्वारी विकायला नेण्यासारखं झालं. शेंगदाणे पण नको. ज्वारीचं पीठ तर अजिबात नको, महिन्यात कडू होतं. काळा मसाला न्या, लोखंडी तवा न्या, आणि सोलापुरी चादरी न्या चार, दोन वापरायला दोन द्यायला. जून-जुलैत तिकडे थंडी असते, आपल्या उलट, आणि नाताळ भर पावसात, चिखलातनं चर्चला जायचं. घरगुती मसाले, बी-बियाणं यांचे नियम आणि लसींचं आधी विचारून घ्या, वाटेत कुठल्या देशात किती तास थांबणार त्यावर पण लसीचे नियम बदलतात.

प्रश्न : माझा मुलगा-सून दोन नातवंडांना घेऊन मिशनकामाला बाहेरदेशी गेलेत, आठ महिने झाले. रोज फोन करते पण नातू बोलायलाच तयार नसतो, "आजी नंतर" म्हणतो आणि पळतो. सून म्हणते आम्ही इथं खूप मजेत आहोत, देवाची कृपा. मला आनंद व्हायला पाहिजे पण आतून लागतं. हातची गेली का हो पोरं? — एक आजी, सात रस्ता

उत्तर : मावशी, पोरगं पळतंय म्हणजे त्याला पळायला जागा आणि सोबती मिळालेत. जे पोर फोन सोडत नाही, "आजी मला ने" म्हणतं, त्याची काळजी करायची. माझी सासू पण अशीच दुखावली होती आणि मला ते तेव्हा कळलं नाही, मी नुसतं "मजेत आहोत" म्हणायचे कारण त्यांना त्रास नको. त्यांना वाटायचं हिला आमची आठवणच नाही. सुनेला एकदा सरळ म्हणा, "तुला काय जड जातंय ते पण सांग की मला." बघा तासभर बोलेल.

आणि रोज फोन नको, आठवड्यातनं दोनदा, ठरलेल्या वेळी, आणि "बोल, बोल, काय जेवलास" असं नको, पोरांना ते परीक्षेसारखं वाटतं. आमच्या सासूबाईंनी शेवटी काय केलं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत गेल्या आणि फोन नुसता पाळण्यांकडे धरून उभ्या राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. तिकडे आमची दोन्ही पोरं जेवण सोडून फोनला चिकटली. तिकडे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे साडेआठ, साडेतीन तासाचा फरक आमचा होता, तुमचा काय आहे तो बघून वेळ धरा.

प्रश्न : आम्ही सात वर्षं बाहेर सेवा करून मागच्या वर्षी सोलापूरला परत आलो. मुलगा 13 वर्षांचा. सगळं नीट आहे, शाळा चांगली आहे, पण तो चिडला की म्हणतो "मला घरी जायचंय". अहो हेच तर घर आहे! आम्ही चुकलो का त्याला नेऊन? — एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : चुकला नाहीत. अशा मुलांना थर्ड कल्चर किड म्हणतात, आईबापाचा एक देश, वाढले तो दुसरा, आणि त्यांचं स्वतःचं काहीतरी तिसरंच. आणि हा शब्द रूथ युसीम नावाच्या अमेरिकन बाईंनी काढला तो 1950 च्या दशकात भारतातच राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. म्हणजे आपल्याकडे आलेल्या गोऱ्या लोकांची पोरं अमेरिकेला गेल्यावर हेच म्हणत असणार, मला घरी जायचंय. आपल्या वोरोनोको शाळेचं नाव बघा ना, ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या गावाचं नाव आहे, रोज सोलापूरची पोरं ते बिनधास्त घेतात. कोणीतरी आपलं गाव उचलून इथं आणून ठेवलं.

त्याला "हेच घर" असं पटवत बसू नका, त्याला दोन आहेत. चीनला सेवेला गेलेले आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस, त्यांच्या तिकडे झालेल्या मुलाचं नाव होतं यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन, भैय्या चौकात स्मारक आहे तिथे घेऊन जा त्याला एकदा आणि ही गोष्ट सांगा, बाकी काही बोलू नका. तिकडच्या मित्रांशी बोलू द्या, तिकडचं जेवण महिन्यातनं एकदा घरी करा, वास आला की पोरं बोलायला लागतात. आणि निरोप नीट झाला होता का हे विचारा, आमच्या धाकट्याला त्याच्या कुत्र्याला शेवटचं भेटता आलं नव्हतं, आम्ही गडबडीत निघालो होतो, ते दोन वर्षांनी बाहेर आलं.

हाच आमचा धाकटा परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात पार्क चौकात भेळ खायला गेला. भेळवाल्यानी द्रोण पुढे केला तर यानी दोन्ही हात जोडून पुढे केले, गुडघ्यात वाकला आणि म्हणाला "झिकोमो". भेळवाला बघतच राहिला. "काय बे, कुठल्या गावचा?" तर हा म्हणतो, "इथलाच की, कांदा जास्त टाका."