पिअर सपोर्ट वर्करने पगार मागितला तर वाईट दिसतं का?

मागा. कसं दिसतं ते नंतर बघू.

तुम्ही स्वतः मानसिक आजारातून गेलात, म्हणून इतर रुग्णांना आधार द्यायला मानसिक आरोग्य केंद्राने तुम्हाला आठवड्यातून चार दिवस बोलावलंय आणि पैशांबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. मी हेच काम अडीच वर्षं केलं. निदान बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार), लिथियमची गोळी चालू. पहिले आठ महिने मिळाला तो फक्त बसचा पास.

नव्याने आलेल्या शुभार्थींशेजारी (मानसिक आजार असलेल्यांना आम्ही असं म्हणतो) मी डबा उघडून बसायचे. हात थरथरतात ते थांबेल का, स्थळ आलं तर सांगायचं का, हे ते डॉक्टरांना नाही, मला विचारायचे. एकदा देणगीदार आले. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले तर केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, "ही आमचीच पेशंट. दोनदा ॲडमिट होती, आता बघा!" पाहुणे बघायला लागले. मला विचारलं होतं का? नाही.

संध्याकाळी मी म्हटलं, माझी गोष्ट मला विचारल्याशिवाय सांगायची नाही, आणि मला पगार द्या. उत्तर आलं, "अगं, इथे येऊन तुलाच बरं वाटतं ना?" माझा आवाज चढला. त्यावर मॅडमनी चारचौघांत अगदी मायेने विचारलं, "आज गोळी घेतलीस का?"

संपलं. यापुढे मी काहीही बोलले तरी ते लक्षणच ठरणार होतं. आमचे एक समुपदेशक मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटायचे, त्यांना कुणी गोळीचं विचारलं नाही.

म्हणून सगळं लेखी मागा: कामाचे तास, रक्कम, आजारपणाची रजा, तुमची गोष्ट वापरायची तर दर वेळी परवानगी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 20 वाचा. दाखल असलेल्या माणसालाही कामाची सक्ती करता येत नाही, आणि त्याने काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. म्हणजे वॉर्डात फरशी पुसली असती तर माझा हक्क होता, बरी होऊन कामाला आले तर सेवाभाव! (हे कलम दाखल असलेल्यांसाठी आहे, तुमच्या नेमणुकीला तसंच्या तसं लागू होणार नाही. वकिलाला विचारा.) याच कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आजार असलेल्यांच्या किंवा होऊन गेलेल्यांच्या दोन प्रतिनिधींना जागा दिली आहे. तिथे बसायला आपण चालतो, पगारपत्रकावर नाही.

शुभार्थींनी सांगितलेलं वरिष्ठांना सांगायचं का, हेही विचारलंय तुम्ही. एरवी नाही. जिवावर बेतणारं असेल, त्याच्या किंवा दुसऱ्याच्या, तर सांगायचंच, आणि ही अट त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायची.

सगळी केंद्रं अशी नसतात, हेही खरं. आणि झोप सांभाळा. त्या आठवड्यात मी तीन रात्री धड झोपले नव्हते, म्हणजे मॅडमची शंका अगदीच हवेतली नव्हती. पण चारचौघांत, पगाराच्या उत्तरादाखल?

आणि हो, गोळी घेतली होती. सकाळी नऊला, पोह्यांनंतर.